यशामागील ऋण आणि त्याची फेड

आपल्या मंडळाचा वार्षिक गुणगौरव समारंभ जवळ आला, की स्मरणिकेच्या संपादकांकडे उत्तीर्ण विद्यार्थ्यांची छायाचित्रे येऊ लागतात. प्रत्येक छायाचित्राखाली नाव, परीक्षा आणि मिळालेले गुण छापले जातात. मुलामुलींचे हसरे चेहरे पाहून कोणाही ज्ञातिबांधवाचे मन आनंदाने भरून यावे, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या छायाचित्रांकडे पाहताना मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. या गुणांमागे ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्यांची नावे कोठे आहेत? फी भरणारा कोणी असेल, पुस्तक देणारा कोणी असेल, पहाटे उठून डबा करून देणारी कोणी असेल. त्यांच्यासाठी आपल्या स्मरणिकेत एक ओळही राखून ठेवलेली नसते.

मनुष्य काही ऋणे घेऊनच जन्मास येतो, अशी आपल्या पूर्वजांची धारणा होती. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणात यांच्या जोडीस चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यऋण. आपल्या अवतीभोवतीच्या साध्या माणसांचे आपण देणे लागतो, हा त्याचा आशय होय. पहिल्या तिन्हींची आठवण आपण नित्य काढतो. चौथ्याचा मात्र आपणांस सहज विसर पडतो. म्हणून या लेखात उपदेश करीत न बसता, आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात थोर माणसांनी हे चौथे ऋण कसे मानले व कसे फेडले, ते थोडक्यात पाहण्याचे योजिले आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी शिक्षण म्हणजे प्रथम पोटाचा प्रश्न होता. गावात चार इयत्तांची शाळा असे. पुढे शिकावयाचे तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागे. तेथे राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी वाटलेले असत. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी पाणी पिऊन निजावे लागे. या व्यवस्थेत विद्यार्थ्याला पुष्कळ मानहानी सोसावी लागे, हे खरे; तथापि तिच्या बळावर अनेक पिढ्या शिकल्या, हेही तितकेच खरे.

परंतु ही सोयसुद्धा सर्वांच्या वाट्यास आलेली नव्हती. ज्या ज्ञातींची शहरात चारदोन घरेही नव्हती, त्यांच्या मुलांनी वार लावावे ते कोणाच्या दारी? आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांना पानावर कोण बसवणार? अशा मुलांची बुद्धी कितीही तीव्र असली, तरी तिला शहराच्या वेशीवरूनच परत फिरावे लागे. ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी अचूक ओळखली. कोल्हापुरात १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली, आणि पुढील दोन दशकांत जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत व अस्पृश्य मानल्या गेलेल्या ज्ञाती यांच्या विद्यार्थ्यांकरिता महाराजांच्या आश्रयाने एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. आज आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे जे शिक्षणनिधी व विद्यार्थिगृहे दिसतात, त्यांच्या कल्पनेची मुळे बऱ्याच अंशी याच उद्योगात आहेत. तेव्हा आपल्या संस्थेचा जमाखर्च मांडताना पहिली रक्कम शाहू महाराजांच्या नावे जमा करावी लागेल. मग आपली ज्ञाती कोणतीही असो.

साहाय्य घेणे आणि ते स्मरणात ठेवणे या दोन्ही गोष्टींचे उत्तम उदाहरण म्हणून मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र नेहमी आठवते. त्यांच्या विद्वत्तेची व पराक्रमाची महती गाणारे ग्रंथ विपुल आहेत. परंतु त्यांनी स्वतः लिहिलेल्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका कोणी ओळीने वाचून पाहिल्या, तर तेथे एक निराळेच चरित्र वाचावयास मिळते.

भीमराव शाळेत असताना इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या समाजातील मंडळींनी अभिनंदनाची सभा भरवावयाचे ठरविले. इतर समाजांच्या मानाने हे यश लहान. परंतु इतकी मजल मारणारा तो त्या समाजातील पहिलाच मुलगा, म्हणून त्यांना त्याचे अप्रूप वाटले. अशाने मुलाचे डोके फिरेल, म्हणून वडील सुभेदार रामजी यांनी प्रथम परवानगी नाकारली. अखेर त्यांचे स्नेही, सुप्रसिद्ध चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी मध्यस्थी केली आणि सभा झाली. अध्यक्षस्थानी केळुसकरच होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. ही हकीकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. आणि ती लिहिली केव्हा, तर १९५६ साली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत. शाळकरी वयात मिळालेल्या एका पुस्तकाची आठवण त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षापर्यंत जपली. त्याच लेखनात आपले आजारपण सांभाळणाऱ्या पत्नीचे आणि डॉक्टरांचेही आभार त्यांनी मानले आहेत. १९५७ साली तो ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापली गेली नव्हती. ज्यांचे आभार मानावयाचे त्यांचीच नावे छापावयाची राहून जावीत, ही चूक आपल्याच स्मरणिकेत होते असे नाही!

केळुसकर केवळ पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशावाचून अडले, तेव्हा त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला, आणि भीमरावांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देण्याचे ठरले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावी, असा करार होता.

यापुढील भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. करारानुसार १९१७ साली ते बडोद्यास गेले. परंतु परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या या विद्वानास त्या शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. जात उघडकीस येताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कोणी आसरा देईना, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत आणि बडोदे सोडून मुंबईस परतावे लागले. दहा वर्षांचा करार असा काही दिवसांतच संपला. एखाद्या सामान्य माणसाच्या मनात यानंतर बडोद्याच्या नावाविषयी केवळ कटुता राहिली असती, आणि तीत त्याची चूक आहे असेही कोणी म्हणू शकले नसते.

परंतु १९२५ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासाविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना होती कोलंबियातील त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची, आणि अर्पणपत्रिका होती महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नावे. आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून हा ग्रंथ अर्पण केला आहे, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. बडोद्याच्या रस्त्यावर झालेला अपमान आणि बडोद्याच्या महाराजांनी दिलेला हात या दोन्ही गोष्टी त्यांनी स्मरणात ठेवल्या. पण एकीचा हिशेब दुसरीच्या खाती घातला नाही. अपमानाविरुद्ध ते जन्मभर लढले, आणि उपकाराची नोंदही त्यांनी जगासमोर केली. माझ्या मते कृतज्ञतेची याहून कठीण कसोटी दुसरी नाही. उपकार करणाऱ्यापुढे मान तुकविणे सोपे असते. मान ताठ ठेवून उपकार मान्य करणे अवघड असते.

इतर अर्पणपत्रिकाही अशाच बोलक्या आहेत. १९२३ साली प्रसिद्ध झालेला 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीस वाहिलेला आहे. १९४०-४१ च्या सुमारास निघालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ १९३५ साली निवर्तलेल्या पत्नी रमाबाई यांच्या स्मृतीस आहे. पती सातासमुद्रापलीकडे अभ्यासात गढलेला असताना त्या माउलीने दारिद्र्य सोसले, पोटची मुले डोळ्यांसमोर गेलेली पाहिली. ज्या दिवसांत कोणी मित्र नव्हता, त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर हसतमुखाने हाल सोसले, याची कबुली तेथे आहे. १९४६ साली प्रसिद्ध झालेला 'शूद्र कोण होते?' हा ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांस अर्पण केला आहे. जोतीराव १८९० साली वारले, बाबासाहेबांचा जन्म १८९१ सालचा. म्हणजे ज्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्यांचेही ऋण त्यांनी मानले. आणि स्वतः जोतीरावांनी तरी काय केले होते? १८७३ साली लिहिलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला होता. पुण्यातील एका माळ्याच्या मुलास सातासमुद्रापलीकडील परक्या माणसांचे सत्कृत्य आपल्यावरील उपकारासारखे वाटावे, यातच त्याच्या मनाची थोरवी आहे.

बाबासाहेबांस हात देणारी आणखीही माणसे होती. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राने त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. शाहू महाराजांनीही साहाय्य केले. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'मूकनायक' पत्रासही महाराजांचा आश्रय होता. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बडोद्यात त्यांना हाकलून देणारे लोक पारशी होते, आणि अडचणीच्या वेळी पैसे काढून देणारा मित्रही पारशीच होता. बडोद्याचे व कोल्हापूरचे दोन्ही महाराज त्यांच्या ज्ञातीचे नव्हते. माणसाचा चांगुलपणा ज्ञातीवरून ठरत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

बरे, देणारे तरी आकाशातून पडले होते काय? सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, इलियट यांच्यासारखा शिक्षक लाभला, आणि खेड्यातील गोपाळाचा राजा झाला. ज्याला विद्या उशिरा मिळाली, त्याला तिचे मोल अधिक कळले. १९०६ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. म्हणजे ज्याने घेतले, त्यानेच दिले. आणि ज्याला दिले, त्याने पुढे दिले. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. सयाजीरावांची शिष्यवृत्ती त्यांनी बडोद्याच्या खजिन्यात नव्हे, तर हजारो गरीब विद्यार्थ्यांच्या पदरात परत केली.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. विद्यार्थिदशेत कोल्हापुरात त्यांना शाहू महाराजांचा सहवास व आश्रय लाभला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्याला नाव दिले छत्रपती शाहू बोर्डिंग. पुढे १९४० साली साताऱ्यात हायस्कूल काढले, तेव्हा त्यास महाराजा सयाजीराव यांचे नाव दिले. या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. या पंक्तीमागे लक्ष्मीबाई भाऊराव पाटील उभ्या होत्या. मुलांचे पोट भरण्यासाठी त्यांनी आपल्या अंगावरील दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. कर्मठ घरात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींच्या लेकरांस आपली मानले. १९३० साली त्या वारल्या. रयत शिक्षण संस्थेचा विस्तार आज महाराष्ट्रात सर्वत्र दिसतो. पण त्याच्या पायात एका स्त्रीचे सौभाग्यलेणे आहे, हे किती विद्यार्थ्यांस ठाऊक असते?

इतिहासातील थोरांविषयी लिहिताना स्वतःविषयी लिहू नये, असा संकेत आहे. तो येथे मोडतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. कारण या लेखाचे खरे निमित्त तेच आहे. १९७२ च्या दुष्काळात मी पुण्यास महाविद्यालयात शिकत होतो. घरून पैसे येणे बंद झाले होते. आपल्या ज्ञातीच्या शिक्षणनिधीतून मला फीपुरते कर्ज मिळाले, आणि ते मी नोकरी लागल्यावर फेडले. मंडळाच्या मेळाव्यात माझा सत्कारही झाला, आणि तेथे मी निधीचे, अध्यक्षांचे व चिटणिसांचे मनःपूर्वक आभार मानले. परंतु केवळ फी भरून कोणी शिकत नाही. ते सबंध वर्ष मी पेठेतील एका विधवा बाईंच्या खानावळीत उधारीवर जेवलो. त्यांना सगळी मुले काकू म्हणत. त्या आमच्या ज्ञातीच्या नव्हत्या, आणि माझी ज्ञात कोणती, हे त्यांनी कधी विचारले नाही. महिना उलटला की मीच ओशाळून त्यांच्या पुढून जाण्याचे टाळीत असे. एकदा त्यांनी मला थांबवून एवढेच सांगितले, "अरे, आधी परीक्षा दे. हिशेब वहीत आहे, तो कोठे पळून जात नाही. पण तू जेवायला चुकू नकोस."

पहिल्या पगारापासून मी त्यांचे पैसे मनीऑर्डरने पाठवू लागलो. शेवटचा हप्ता पोहोचल्याची पावती आली, त्या दिवशी आपण ऋणमुक्त झालो असे मला वाटले. प्रत्यक्ष जाऊन भेटावे, पाया पडावे, हे मात्र आज-उद्या करता करता राहून गेले. बदल्या झाल्या, संसार वाढला. बऱ्याच वर्षांनी त्या गल्लीत गेलो, तेव्हा तो वाडा पाडून तेथे नवी इमारत उभी राहिली होती. काकूंविषयी सांगू शकेल असे कोणी तेथे उरले नव्हते. पैसे फिटले होते. ऋण तसेच राहिले होते. माझ्या सत्काराच्या भाषणात त्यांचे नाव नव्हते, हे त्या दिवशी तेथे उभा असताना मला प्रथम जाणवले. त्या ज्ञातीच्या नव्हत्या, म्हणून ज्ञातीच्या व्यासपीठावर त्यांचे नाव घ्यावयाचे मला सुचलेही नव्हते. कृतज्ञ आणि कृतघ्न या दोन शब्दांत एकाच जोडाक्षराचा फरक आहे, असे शाळेत शिकलो होतो. तो फरक किती नकळत नाहीसा होतो, हे मात्र अनुभवाने शिकलो.

ज्ञातिसंस्था असणे गैर आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मी तिच्याच निधीवर शिकलो आहे. आपल्या घरच्यांनी प्रथम हात द्यावा, हे योग्यच होय. परंतु घराला जशा भिंती असतात, तसे दारही असते. आपल्यापैकी ज्याने ज्याने काही यश मिळविले आहे, त्याने शांतपणे आठवून पाहावे. प्राथमिक शाळेतील गुरुजी कोणत्या ज्ञातीचे होते? आजारपणात औषध देणारे डॉक्टर, पहिली नोकरी लावून देणारे साहेब, रात्री अभ्यासाला आपल्या ओटीवर जागा देणारे शेजारी कोण होते? ज्ञातीने आपणांस दिले, तसेच ज्ञातीबाहेरच्यांनीही दिले. तेव्हा घेताना जी सीमा आपण पाळली नाही, ती देताना आणि आभार मानताना कोणत्या न्यायाने पाळावी?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस माझी नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून ज्या विद्यार्थ्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापावयाचे, त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. आपल्या यशास कोणाकोणाचा हात लागला, ते त्याने त्या ओळींत सांगावे. त्यांत ज्ञातीचे बंधन ठेवू नये. आईने काय केले, हे मुलाने एकदा स्वतःच्या अक्षरांत लिहिले, तर तेही त्याच्या शिक्षणाचाच भाग ठरेल. दुसरी सूचना निधीच्या जुन्या ऋणकोंस, म्हणजे माझ्या पिढीस आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला म्हणून खाते बंद झाले, असे समजू नये. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे एका विद्यार्थ्याचे एक वर्ष उचलावे. आणि दारी आलेला विद्यार्थी आपल्या ज्ञातीचा नसला, तरी त्याला विन्मुख पाठवू नये. यंदापासून मी स्वतः असे एक वर्ष उचलण्याचे ठरविले आहे. त्या मुलाच्या भोजनखर्चाची रक्कम मंडळाकडे जमा केली असून, पावतीवर माझे नाव घालू नये, 'काकू' एवढेच लिहावे, अशी विनंती मी खजिनदारांस केली आहे.

ज्यांच्याकडून घेतले, त्यांना परत देण्याची संधी प्रत्येकास मिळतेच असे नाही. पुष्कळदा ती माणसे निघून गेलेली असतात. परंतु ऋण पुढे देण्याची वाट कोणासही बंद नसते. या वर्षी ज्यांचा गौरव होत आहे, त्या सर्व मुलामुलींचे अभिनंदन. त्यांनी समारंभाहून घरी गेल्यावर प्रथम, जिने पहाटे डबा करून दिला तिच्या पाया पडावे, आणि गुरुजी हयात असतील तर त्यांना एक पत्र लिहावे. उद्यावर ढकलू नये, एवढेच या वृद्धाचे सांगणे आहे.